सेव्हन सातात मावत नाही

'सेव्हन' हा शब्द सातव्या मात्रेत मावत नाही. वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह, सिक्स हे सगळे एकेका ठोक्यात बसतात आणि सातव्याला 'से-व्हन' अशी दोन अक्षरं येतात. म्हणून मोठ्याने मोजणारे ड्रमर नुसतं 'सेव्ह' म्हणतात आणि पुढचा 'वन' पकडतात. आमचा ड्रमर कोल्हापूरचा, तो मराठीत मोजायचा. मराठीत सात नीट बसतो, पण 'सहा' अडतो. मग तो 'स्हा' म्हणायचा, अर्धा श्वास गिळून. एक, दोन, तीन, चार, पाच, स्हा, सात.

१९९९ साल. पुण्यात इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. कॅन्टीनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पाच जण रोज संध्याकाळी जमायचो. मी बेस गिटार वाजवायचे. गॅदरिंगला जी चार गाणी करायची ठरली होती त्यातलं एक पिंक फ्लॉइडचं 'मनी', १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधलं. रॉकमधलं बहुतेक सगळं चार मात्रांच्या आवर्तनात चालतं. 'मनी' सातात आहे, ७/४. आणि त्या गाण्याचा पाया म्हणजे बेसची एक ओळ, सात मात्रांत आठ सूर. दुसऱ्या मात्रेत दोन सूर घ्यायचे, बाकी सहा मात्रांत एकेक. पहिला सूर खालचा, मग एकदम वरच्या सप्तकात उडी, तिथून खाली, पुन्हा वर. शेवटचे सूर पायऱ्या चढल्यासारखे वर जातात आणि वरच्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच पहिला खालचा सूर परत येतो. तो नेहमी आपल्या अपेक्षेपेक्षा एक मात्रा आधी येतो. माझं बोट तारेवर तयारच नसायचं. डोक्यात आठवी मात्रा असायची, जी गाण्यात नाही.

तर आम्ही मोजत होतो. दोन महिने मोजलं. मी बसमध्ये मोजायचे, व्हायव्हाच्या रांगेत मोजायचे. गॅदरिंगच्या दिवशी ओळ पाठ होती, बोटं तयार होती आणि पहिली तीन मिनिटं सगळं जागेवर होतं. समोरची पोरं टाळ्या वाजवत होती, एक सोडून एक मात्रेवर, जशा कुठल्याही गाण्याला वाजवतात. पहिल्या आवर्तनात त्यांची टाळी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडायची, दुसऱ्यात समेच्या पुढच्या मात्रेवर, तिसऱ्यात परत समेवर. त्यांना त्याचं काही नव्हतं. मला मात्र तो टाळ्यांचा समुद्र दर सात मात्रांनी आपल्या अंगावर उलटा येतोय असं वाटत होतं आणि मी आणखी जोरात मनात मोजायला लागले.

'मनी'त सॅक्सोफोनचा सोलो सातात आहे आणि त्यानंतरचा गिटारचा सोलो चारात. त्यांचा गिटारिस्ट डेव्हिड गिल्मरने सांगितलंय की गिटारसाठी चारातला भाग त्यांनी मुद्दाम केला आणि साताची अडचण सॅक्सोफोनवाल्याला दिली. आमच्याकडे सॅक्सोफोन नव्हता, तो भाग कीबोर्डवर झाला. मग ड्रमरने इशारा दिला, गिटार सुटली, ड्रम चारात गेले आणि मी सातातच राहिले. हात सातात, डोकं सातात. कळत होतं की काहीतरी फाटलंय, पण मोजणं थांबवलं तर सगळंच जाईल या भीतीने मी मोजतच राहिले. अठ्ठाविसाव्या मात्रेनंतर ड्रमरची सम आणि माझी सम एकत्र आली. चार सत्ते अठ्ठावीस, सात चोक अठ्ठावीस. त्या पंधराएक सेकंदांनंतर मला वाट सापडली ती लसाविमुळे. स्टेजवरून उतरल्यावर कुणी काही बोललं नाही. ड्रमरने फक्त स्टिक्स पिशवीत घालता घालता विचारलं, "ऐकत होतीस का गं?"

नव्हते ऐकत. मोजत होते.

हा प्रश्न मी पुढे फार वर्षं बरोबर वागवला. त्यातून मी एक सोपा निष्कर्ष काढला होता, तो असा की मोजणं हा शत्रू. विषम मात्रांचं संगीत अंगात उतरलं पाहिजे, आकडे बाजूला ठेवले पाहिजेत. रॉकवाल्यांमध्ये ही समजूत पुष्कळ आहे आणि तिच्या बाजूने पुरावेही भरपूर मिळतात. साउंडगार्डन या सिअॅटलच्या बँडचं १९९४ चं 'स्पूनमन' घ्या. मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, सातात, ऐकताना मान हलत राहते आणि कुठेही अडखळायला होत नाही. त्यांचा गिटारिस्ट किम थाइल, ज्याचे आईवडील केरळमधून अमेरिकेत गेले, त्याने सांगितलंय की गाणं लिहून होईपर्यंत ते किती मात्रांचं आहे हा विचार ते करतच नसत, विषम मात्रा आपसूक येत. रिफ आधी, आकडा नंतर.

आणि बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार. 'हिअर कम्स द सन' हे बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचं १९६९ चं गाणं बहुतेकांना साधं, कोवळं, सकाळच्या उन्हाचं गाणं म्हणून माहीत असतं. त्याच्या मधल्या भागात, जिथे 'सन, सन, सन' असं येतं, तिथे आवर्तनं अकरा, आठ आणि सात अशा लहान मात्रांची पडतात. जॉर्ज १९६६ मध्ये मुंबईत येऊन पंडित रविशंकरांकडे सतार शिकला होता आणि त्या भागातल्या तीन-तीनच्या लडी आपल्या कानाला तिहाईच्या, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याच्या, नात्यातल्या वाटतात. रिंगोने पुढे सांगितलं की जॉर्ज येऊन म्हणाला, साडेसातच्या हिशेबातलं काहीतरी आहे, आणि ते मोजणं काही आपल्या डोक्यात शिरेना. म्हणून त्याने अशी एक वाट शोधली जी हातापायांना दर वेळी तशीच करता येईल आणि शेवटी नेमक्या जागी आणून सोडेल. रेकॉर्ड ऐका. एकही ठोका इकडचा तिकडे नाही.

असं काही वाचलं की मला फार बरं वाटायचं. त्या सुमारास मी सकाळी तळजाईच्या टेकडीवर चालायला जायचे आणि कानात पीटर गॅब्रिएलचं 'सॉल्सबरी हिल' असायचं. जेनेसिस हा बँड सोडल्यावरचं त्याचं हे पहिलं गाणं, १९७७ चं. इंग्लंडमध्ये बाथ गावाजवळ त्या नावाची बुटकी टेकडी आहे. गाणं जवळजवळ सगळं सातात, पण खाली प्रत्येक मात्रेवर ठोका चालू असतो, त्यामुळे त्यावर चालता येतं. एका मात्रेला एक पाऊल टाकायचं. चालता चालता एक दिवस लक्षात आलं की पहिल्या आवर्तनाची सम डाव्या पायावर पडते, दुसऱ्याची उजव्यावर, तिसऱ्याची परत डाव्यावर. चाराच्या गाण्यात सम कायम एकाच पायाची असते, दुसरा पाय जन्मभर मागून येणारा. इथे दोघांना पाळीपाळीने मान. त्या गाण्याला जो एक हलका पुढचा झोक आहे, कायम चढणीवर असल्याचा, त्याचं कारण मला माझ्या तळपायाने सांगितलं. तेव्हा मी नक्की ठरवलं की हे असंच कळतं आणि असंच कळायला हवं.

मग एकदा, बऱ्याच वर्षांनी, घरी एकटीनेच बसून 'मनी'ची ओळ वाजवली आणि फोनवर रेकॉर्ड केली. सारख्या अंतराने ठोके देणारा मेट्रोनोम लावला नाही, न मोजता, डोळे मिटून. छान वाजलं असं वाटलं. रात्री ते रेकॉर्डिंग मेट्रोनोमशेजारी लावून ऐकलं. चार आवर्तनांत मी दोन मात्रांनी मागे होते. पुन्हा ऐकलं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी, तो वरच्या पायरीवरचा सूर झाला की मी किंचित थांबत होते. अर्धी मात्रा. माझं सात खरं तर साडेसात होतं. अंगाला आठाची सवय होती आणि अंगाने गुपचूप आपल्या सवयीकडे अर्धं अंतर कापलं होतं. मला ते सात वाटत होतं. वाटण्यात मी पूर्ण प्रामाणिक होते.

याने मला गॅदरिंगपेक्षा जास्त हलवलं. तेव्हा निदान कळलं तरी होतं की चुकतंय.

पुढे दोन अभ्यास वाचनात आले. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या दोन संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले. उत्तर अमेरिकेतल्या प्रौढांना त्यांनी साध्या चालीचं आणि बाल्कन देशांतल्या विषम चालीचं लोकसंगीत ऐकवलं, मग त्यात मुद्दाम ताल बिघडवलेले तुकडे ऐकवले. साध्या चालीतला बिघाड प्रौढांना लगेच कळे, विषम चालीतला कळत नसे. बल्गेरिया आणि मॅसिडोनियातून आलेल्या प्रौढांना दोन्ही कळत. आणि उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांनाही दोन्ही कळत होते. वर्षाच्या बाळांमध्ये मात्र मोठ्यांसारखाच कल दिसू लागला होता, पण दोन आठवडे घरी बाल्कन संगीत ऐकवलं की तो ओसरायचा. मोठ्यांना तेवढंच ऐकवून फारसा उपयोग झाला नाही. म्हणजे विषम चालीत मुळात अवघड काही नाही. आपला कान पहिल्या वर्षातच आपल्या घरच्या चालीकडे झुकायला लागतो आणि पुढे जे येईल त्याला त्या साच्यात दाबतो. माझी अर्धी मात्रा तिथून आली होती. ज्याला मी इतकी वर्षं 'फील' म्हणत होते त्यात सवय किती आणि ऐकणं किती, हे मला सांगता येईना.

तेव्हा मी परत मोजण्याकडे गेले, पण वेगळ्या प्रश्नाने. बल्गेरियातला नाचणारा सात मोजत नाही. राचेनित्सा नावाचा त्यांचा नाच सात मात्रांचा आहे, पण पायांना तीनच पावलं माहीत असतात: आखूड, आखूड, लांब. दोन, दोन, तीन. तुर्कस्तानात अशा चालींना जो शब्द आहे, 'अक्साक', त्याचा अर्थच लंगडती. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक आपला जॅझ चौकडा घेऊन अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर निघाला होता. हाच दौरा पुढे भारतात आणि मुंबईतही आला. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने नऊ मात्रांची एक चाल ऐकली: दोन, दोन, दोन, तीन. तिथल्या वादकांना विचारलं तर त्यांचं म्हणणं असं पडलं की तुम्हाला जसा ब्लूज तसा आम्हाला हा ताल. त्यातून 'ब्लू राँडो आ ला टर्क' निघालं, १९५९ च्या 'टाइम आउट' या रेकॉर्डवर, जिच्यावर त्याचा सॅक्सोफोनवाला पॉल डेस्मंड याचं पाचातलं 'टेक फाइव्ह'ही आहे. ते जॅझ होतं, पण इंग्लंडमधली एक सबंध पिढी ते ऐकत मोठी झाली. दहा वर्षांनी जेथ्रो टल या बँडचं 'लिव्हिंग इन द पास्ट' पाचात आलं आणि ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत थेट तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ते विकत घेणाऱ्या किती जणांनी पाच मोजले असतील?

म्हणजे सात हा आकडा फारसं काही सांगतच नाही. कॉलेजात असताना एका मित्राने तबल्यावर रूपक ताल धरून 'मनी'शी लावून पाहिला होता. दोन्ही सात, जुळायलाच हवं असा आमचा हिशेब. तीं तीं ना, धी ना, धी ना. तीन, दोन, दोन, आणि समेलाच खाली, म्हणजे भार नसलेली मात्रा. जमेना. बेसची ओळ जिथे पाय रोवते तिथे रूपक हात उघडा टाकतो. मात्रा जुळत होत्या आणि चाल भांडत होती. 'सॉल्सबरी हिल'चं सात तिसरंच, राचेनित्साचं चौथं. तसंच सोळाचं. रेडिओहेड या बँडचं २००१ चं 'पिरॅमिड साँग' मी कित्येक महिने न मोजता ऐकलं होतं. पियानोचे ते स्वरसमूह लाटांसारखे केव्हाही येतात असं वाटायचं, आणि ड्रम सुरू झाले की पायाखाली वाळू घट्ट व्हायची. मोजल्यावर निघालं तीन, तीन, चार, तीन, तीन. बेरीज सोळा, आपल्या तीनतालाएवढी. तीनतालाशी त्याचं बेरजेपलीकडे काही नातं नाही. (मोजल्यानंतर पंधराएक दिवस ते गाणं माझ्यापुरतं मेलं होतं, हेही सांगायला हवं. मग परत आलं, आणि परत आलं ते जास्त जवळचं होऊन.)

आता मी ऑफिसातल्या तिघांबरोबर रविवारी वाजवते. टूल या बँडचं 'स्किझम' करायचं ठरलं, २००१ चं. त्याची बेसची ओळ पाच आणि सात अशी आलटून पालटून जाते. आकड्यांनी मोजायला गेलं तर एक ते पाच, एक ते सात, आणि तिसऱ्या फेरीत जीभ अडकतेच. आमच्या गिटारवाल्याला आकड्यांचा फार धाक. मी त्याला म्हटलं, आकडे सोड, भाजी म्हण. दोन अक्षरांची भेंडी, तीन अक्षरांचा बटाटा. भेंडी बटाटा, भेंडी भेंडी बटाटा. पाच आणि सात. तो दोन वेळा म्हणाला, तिसऱ्या वेळी गिटार उचलली. त्याने मोजलं नाही असं म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक अक्षर एक मात्रा होतं. पण आकडे म्हणताना प्रत्येक मात्रा सुटी आणि सारखी असते. भेंडी आणि बटाटा म्हणताना त्यांचे घास होतात. आपले तबल्याचे बोल यापेक्षा निराळं काय करतात? 'धी ना धी धी ना' म्हणणाऱ्या पोराला कुणी पाच मोज म्हणत नाही. दाक्षिणात्य पद्धतीत 'त कि ट', 'त क दि मि' म्हणत हेच चालतं, आणि जॉन मॅक्लॉफ्लिनसारखा गिटारिस्ट ते शिकला, ते उगीच नाही.

इथे मला साताऱ्याची माझी आजी आठवते. ती तिन्हीसांजेला ओसरीवर वाती वळायची. पाय लांब करून बसायची, पोटरीवर कापसाची पेळू ठेवून तळहाताने पुढे सारायची, आणि मनाचे श्लोक म्हणायची. समोर सज्जनगडाची रेघ अंधारत जायची. गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा. तिचा तळहात 'ग'वर जरासा टेकायचा आणि 'णाधी'वर लांब जायचा, 'श'वर टेकायचा, 'जो ई'वर लांब. मी शेजारी बसून म्हणायचे. नववीत मराठीच्या बाईंनी फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा केल्या तेव्हा कळलं की याला भुजंगप्रयात म्हणतात: चार य गण, प्रत्येक गण लघु, गुरु, गुरु. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. एक, दोन, दोन. पाच. पाचाचे चार गण, ओळीच्या वीस मात्रा. रामदासांनी असे दोनशे पाच श्लोक रचले, म्हणजे आजी रोज शेकडो वेळा पाचाचं आवर्तन पुरं करत होती आणि तिला त्याचं काहीही विशेष वाटत नव्हतं. शाळेच्या प्रार्थनेत मुलं बरेचदा लघु ओढून त्या पाचाचं सहा करतात. आजीने कधी केलं नाही. 'टेक फाइव्ह' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते मला नवं वाटलं, पण परकं वाटलं नाही. भुजंगप्रयात आणि ते एकच आहेत असं मला म्हणायचं नाही. एकाची झुळूक दुसऱ्यात नाही. पण पाचाला बसायला माझ्या कानात एक पाट आधीच मांडलेला होता, आणि साताला नव्हता. किंवा असं मला वाटत होतं.

कारण मग 'वाय-वाय-झेड' आलं. कॅनडातल्या रश या त्रिकुटाची १९८१ ची ही शब्दांवाचूनची रचना. टोरांटोच्या विमानतळाचा संकेत आहे वायवायझेड, आणि विमानांसाठी तिथला रेडिओ-दीप ही तीन अक्षरं मोर्स लिपीत पाठवायचा. रशने त्या लिपीचाच ताल केला. सुरुवातीला त्यांचा ड्रमर नील पिअर्ट ती अक्षरं खणखणीत घंटीसारख्या आवाजात वाजवतो, मग गिटार आणि बेस तोच ताल उचलतात. मी ते बेसवर बसवायला घेतलं आणि कागदावर मोर्सच्या खुणा लिहिल्या. वाय म्हणजे डॅश, डॉट, डॅश, डॅश. झेड म्हणजे डॅश, डॅश, डॉट, डॉट. रशच्या वाजवण्यात डॅश डॉटच्या दुप्पट लांब आहे.

मी त्या कागदाकडे बघत बसले. मराठीच्या व्याकरणात गुरूची खूण आडवी रेघ असते. डॅश म्हणजे गुरु, डॉट म्हणजे लघु. गुरूला गा, लघूला ल म्हटलं की वाय: गालगागा. मराठी गझल लिहिणारा, वाचणारा कुणीही हे ओळखेल: देवप्रिया वृत्ताचा गण, गालगागा गालगागा गालगागा गालगा. दोन, एक, दोन, दोन. सात मात्रा. वायवायझेड म्हणजे गालगागा, गालगागा, गागालल. सात, सात, सहा. वीस मात्रा. पाश्चात्य पद्धतीने लिहिणारे त्याला पाचाचं किंवा दहाचं आवर्तन म्हणतात, ते या विसाचंच. आणि भुजंगप्रयाताची ओळही विसाची.

म्हणजे ज्या साताला माझ्या कानात जागा नाही असं मी इतकी वर्षं समजत होते, तो सात मी रेडिओवर, कॅसेटवर, भावगीतांत आणि गझलांत हजारदा ऐकला होता. 'मनी'चा सात तो नव्हे. पण कागदावरच्या त्या रेघांकडे बघून मी तोंडाने गालगागा म्हणायला लागले आणि माझा उजवा हात आपोआप बरोबर पडायला लागला, पहिल्या खेपेला. रश बसवायला मला अर्धी संध्याकाळ लागली. 'मनी'ला दोन महिने लागले होते.

सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीत बसलं की आजूबाजूचे हात बघावेत. बडा ख्याल चालू असतो, डोळे मिटलेले, मान स्थिर, आणि हात मांडीवर काम करत असतो. टाळीला तळहात खाली, खालीला उलटा, मधल्या मात्रांना अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतो. अनेकांच्या चेहऱ्यावर पाणी तरळलेलं असतं, आणि हात मोजतोय. त्या माणसाला कुणी विचारत नाही की तू मोजतोयस की अनुभवतोयस. सम आली की तोच हात उचलून दाद देतो. रॉकच्या कार्यक्रमात असा हात नाही. तिथे शरीराला एकच खूण माहीत आहे, ठोक्याला मान खाली. खाली दाखवायची, आता भार नाही हे दाखवायची खूणच नाही. मला वाटतं मोजणं विरुद्ध अनुभवणं हे भांडण तिथे इतकं पेटतं त्याचं एक कारण हे असावं. मोजायचं काम सगळं डोक्यावर पडतं, हाताला कुणी सांगितलेलंच नाही.

अर्थात 'मनी'चा जन्मही पट्टीनेच झाला. गाण्याच्या सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद, दुकानातल्या गल्ल्याची घंटी यांचे आवाज फिरत येतात. ती टेप पिंक फ्लॉइडचा बेसवाला रॉजर वॉटर्स याच्या कल्पनेतली. आवाजांचे तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले आणि चिकटवून त्यांचा वेढा केला. सात मात्रांना सात तुकडे. शून्य अनुभव, नुसती कात्री. त्या टेपवर मग माणसं वाजवायला लागली आणि ती टेप हळूहळू मागे राहिली.

गेल्या दिवाळीत कोल्हापूरचा ड्रमर पुण्यात आला होता. पंचवीस वर्षांनी. केस गेलेत, मनगट तेच. कर्वेनगरातल्या एका तालमीच्या खोलीत दोन तास घेतले, माझे रविवारचे दोघं आले. 'मनी' कुणी म्हटलं ते आठवत नाही, पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी सुरू केलं. पहिला सूर खाली, मग उडी. चौथ्या-पाचव्या आवर्तनात ड्रम आले. मी मोजत नव्हते. डाव्या पायावर सम, उजव्या पायावर सम, तळजाईवरच्यासारखी जागच्या जागी झुलत होते. कीबोर्डवरचा सोलो संपत आला तसं मी त्याच्याकडे बघितलं, चारात जायची जागा चुकू नये म्हणून. या वेळी ऐकत होते.

तो माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीकडे कुठेतरी नजर लावून बसला होता, खांदे सैल, हात आपले चाललेले, इतक्या वर्षांत मी त्याला इतकं निवांत वाजवताना पाहिलं नव्हतं. आणि ओठ हलत होते. पाच, स्हा, सात.

गिटार सुटली. दोघंही चारात होतो.